चार तारा आणि अख्खं इंदूर

इंदुरात एकट्यानं काही विकत घेता येत नाही. मिक्सर असो, स्कूटर असो की पावशेर लवंगेची शेव, शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस "अरे ये नहीं, वो लो" म्हणतोच. सल्ला इथे पोह्यांवरच्या जीरावणासारखा असतो. मागावा लागत नाही, आणि भुरभुरला नाही तर प्लेट अपुरी वाटते. त्यामुळे मी युकुलेले घ्यायचं ठरवलं ही गोष्ट माझी एकटीची राहिली ती फार तर एक संध्याकाळ.

आडनावावरचा विनोद आधीच निकालात काढते. "कोण हे लेले? रामबागेतले का?" हा प्रश्न घरात, कॉलनीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात विचारून झालेला आहे. तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटतं. मीही दर वेळी हसते, कारण इंदुरातलं मराठी वर्तुळ कितीही मोठं असलं तरी शेवटी सगळे त्याच मध्यंतरात भेटतात.

मराठी मध्यमवर्गीय घरात वाद्य नुसतं येत नाही. त्याच्यामागून गुरू येतात, गुरुपौर्णिमा येते, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा येतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. आमच्या सासूबाई विशारद. त्यांनी शांतपणे विचारलं, "याची परीक्षा असते का गं?"

"असली तरी मी देणार नाही."

"मग तुला येतंय हे तुला कळणार कसं?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात त्यांचा मिरजेचा तानपुरा गवसणी घालून उभा असतो. मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरातली बातमी त्यांनी आधी त्याला वाचून दाखवली आणि मग आम्हाला. अशा घरात मला हवं होतं ते एवढंच की शाळेतून आल्यावर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, सोफ्यावर पाय वर घेऊन वाजवता येईल असं काहीतरी. ज्याच्यासमोर हातपाय धुऊन बसावं लागणार नाही असं.

पहिला सल्ला भाच्याचा. तो सुपर कॉरिडॉरवर सॉफ्टवेअरमध्ये आहे. पगार रुपयांत असला तरी मतं डॉलरमध्ये असतात. "मामी, घ्यायचं तर सॉलिड कोआच घे." कोआ हे हवाई बेटांवरचं झाड, कुळानं बाभळीचं नातेवाईक. एकसंध कोआच्या फळ्यांचं युकुलेले भारतात येऊन पोचेपर्यंत त्या पैशात एक बऱ्यापैकी जुनी स्कूटर येते. हे ऐकून आमचे सासरे, नाना, पेपरामागून म्हणाले, "बाभळीला एवढे पैसे? तिकडे निमाडात शेळ्या फुकट खाऊन राहिल्यात."

भाच्याचं अगदीच चूक नव्हतं. एकसंध लाकडाचा आवाज भरदार असतो आणि वयाबरोबर तो उमलतो असं जाणकार म्हणतात. पण एकसंध लाकूड हवेला जागतं. मालव्याच्या मे महिन्यात ते सुकून आक्रसतं, जुलैत फुगतं, आणि अशा ओढाताणीत एखाद्या वर्षी वरच्या पाटीला तडा जातो. पातळ थर एकमेकांवर चिकटवलेलं लॅमिनेटचं वाद्य आवाजाला थोडं बंद असतं, पण त्याला कूलरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून गच्चीवर नेलं तरी त्याची कुरकुर नसते. पहिल्या वाद्याला फारसा स्वभाव नसलेला बरा असं माझं मत झालं. घरात स्वभाववाली माणसं पुरेशी होती.

मापांवरून मध्यंतरात दोन तट पडले. युकुलेलेची मापं चार: सोप्रानो साधारण 21 इंच, कॉन्सर्ट 23, टेनर 26 आणि बॅरिटोन 30. नवशिक्यानं सोप्रानोच घ्यावं असा एक जुना पाठ आहे, कारण ते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मूळचं. पण त्याचे पडदे इतके जवळजवळ असतात की मोठ्या माणसाची तीन बोटं तिथे एकदम बसवायची म्हणजे सिटी बसमध्ये चौथी सवारी. शिवाय मी शिक्षिका. सोप्रानो हातात घेऊन कॉलनीतून गेले असते तर वर्गात कुणाचं तरी जप्त केलं असंच लोकांना वाटलं असतं. कॉन्सर्टला दोन इंच जास्त, बोटांना जागा, आणि सूर तेच. टेनर घ्या म्हणणाऱ्या बाई माझ्या मैत्रीण आहेत, उंचीनं पावणेसहा फूट आहेत, आणि वाटाणे निवडण्यापासून नवरा निवडण्यापर्यंत सगळ्यांना स्वतःच्याच मापानं सल्ला देतात.

नानांचा प्रश्न मात्र मापाचा, लाकडाचा, किमतीचा नव्हता. नाना ऐंशी ओलांडलेले; नोकरीतून कधीच निवृत्त झाले, कान अजून सेवेत आहेत. तरुणपणी त्यांनी अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलं, आणि त्यानंतर कानावर पडलेल्या प्रत्येक गोष्टीला मोठ्या मनानं क्षमा केली. त्यांनी पेपराची घडी घातली आणि विचारलं, "घराणं कोणतं?"

मी वाचलं होतं ते सांगितलं. 1879 च्या ऑगस्टमध्ये 'रेवन्सक्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितु सांतु असे तीन सुतार होते. मळ्यातून मोकळे झाल्यावर त्यांनी शहरात लाकूडकाम मांडलं, आणि मदेराच्या एका छोट्या तंतुवाद्यावरून तिथल्या कोआच्या लाकडात हे नवं वाद्य घडवलं.

"म्हणजे फर्निचरवाल्यांचं घराणं," नाना म्हणाले.

मग मी राजा बाहेर काढला. हवाईचा कालाकाउआ, गादीवर 1874 ते 1891. त्याला हे वाद्य आवडलं, त्यानं दरबाराच्या मेजवान्यांत, नाचगाण्यांत ते मानानं वाजवून घेतलं. नाना सावरून बसले. राजाश्रय हे नाणं इंदुरात अजून चालतं. नानासाहेब पानशांचा पखवाज इथल्याच दरबारात घुमला, अमीर खाँसाहेबांचे वडील शहामीर खाँ इथेच सारंगी वाजवायचे. "तेव्हा आपल्याकडे गादीवर कोण?" नानांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "दुसरे तुकोजीराव. म्हणजे बरोबरीचा काळ आहे."

वारं अनुकूल पाहून मी पुढचं सांगितलं. हा कालाकाउआ 1881 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला होता, आणि त्या फेरीत कलकत्ता आणि मुंबई दोन्ही करून गेला.

"इंदुरात उतरला होता?"

"तसं कुठे वाचलं नाही."

"मग हिंदुस्थानात येऊन ऐकलं काय त्यानं?" पण घराणं मंजूर झालं होतं. नाना म्हणाले, "दुकानात मी येऊन राहिलो आहे. तू एकटी जाशील तर रंग बघून आणशील."

राजवाड्याजवळच्या गल्लीतलं ते दुकान. आत पाऊल टाकताच दुकानदारानं पहिला प्रश्न केला, "कौन-सा कलर, मॅडम?"

भिंतीवर गुलाबी, आकाशी, पोपटी युकुलेली टांगलेली. एकावर डॉल्फिन, एकावर मावळता सूर्य आणि माड. मालव्यात समुद्र नाही याची भरपाई त्या एका भिंतीवर केलेली होती. "बच्चों में पिंक ज्यादा चलता है," तो म्हणाला.

"बच्चों के लिए नहीं, मेरे लिए चाहिए."

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "तो फिर मरून दिखाता हूँ."

बरोबर काय काय फुकट याची यादी त्यानं एका दमात म्हटली: बॅग, बेल्ट, कॅपो, जादा तारा, तीन प्लास्टिकची पिकं. युकुलेले मुळात अंगठ्यानं आणि बोटांनी छेडायचं. प्लास्टिकच्या पिकानं ते उगाच कडकड करतं. फुकट वस्तूंचा ढीग जितका उंच तितका वाद्याचा आवाज बसका, हा माझा त्या दिवशीचा निष्कर्ष. त्याला दुकानदाराचा अर्थातच दुजोरा नव्हता. खुंट्या मात्र मी बघून घेतल्या. दातेरी चाकांच्या खुंट्या नेमक्या जागी थांबतात. नुसत्या लाकडात फिरणाऱ्या घासखुंट्या नवशिक्याच्या हातात केसभर फिरवायला जावं तर बोटभर फिरतात.

नाना एवढा वेळ काठी टेकून स्टुलावर बसले होते. मी त्यांना बाराव्या पडद्याची परीक्षा समजावली. मोकळी तार छेडायची, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. तिथे तारेची लांबी निम्मी होते, म्हणून स्वर बरोबर वरच्या सप्तकातला यायला हवा. हे गणित आहे, मी ते पोटासाठी शिकवते. तसा स्वर आला नाही तर पडदे चुकीच्या जागी बसलेत किंवा घोडी सरकलेली आहे, आणि मग जन्मभर रियाझ केला तरी ते वाद्य बेसूरच वाजणार. लोक हे फोनवरच्या ट्यूनरनं तपासतात. मी फोन काढला.

"ठेव तो," नाना म्हणाले.

गुलाबी आलं. नानांनी डोळे मिटले. मोकळी तार, बारावा पडदा. "चढलंय." आकाशी आलं. "हेही चढलंय. हे तर देवासला पोचलं." डॉल्फिनवाल्याची त्यांनी फक्त मोकळी तार ऐकली आणि ते दोन बोटांत धरून परत दिलं. मरूनची वरची तार ठीक होती, तिसरी "थोडी थकलेली". दुकानदार काउंटरखाली फोन धरून गुपचूप ताडून बघत होता. चार वेळा काटा नानांनी सांगितला तिकडेच गेल्यावर त्यानं फोन खिशात टाकला आणि आतल्या पोराला हाक मारली, "भिया, ऊपर वाला माल उतार. बाउजी का कान मशीन है."

यानंतर दुकानात जे झालं ते इंदुरातच होऊ शकतं. ढोलकीची वादी बदलायला आलेला एक जण थांबला. समोरच्या पानवाल्यानं गिऱ्हाईक सोडलं. दोन कॉलेजकुमार आले, त्यांना गिटार हवं होतं, ते आता नानांच्या पसंतीचं हवं झालं. एका भजनी मंडळाच्या बाईंनी आपली दुरुस्तीला टाकलेली पेटी नानांपुढे ठेवली आणि "काका, जरा याचा मध्यम बघा" म्हणाल्या. नानांनी बघितला. मध्यम निर्दोष सुटला, निषाद सापडला. प्रत्येक नव्या युकुलेलेवर मत द्यायला आता आठ-दहा माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही ते वाद्य काय आहे हे माहीत नव्हतं. "आवाज मोकळा आहे." "खाली दम नाही." "गिटारचा लहान भाऊ ना हा? मोठा झाल्यावर सुधारेल."

वरच्या मालातून शेवटी एक तपकिरी कॉन्सर्ट निघालं. महोगनीच्या थरांचं, ना चित्र ना चकाकी, डब्यावर बोटभर धूळ. तारा पडद्यांपासून फार उंच नव्हत्या, त्यामुळे दाबताना बोटांना शिक्षा नव्हती. चारही तारा बाराव्या पडद्यावर तपासल्या. नाना काही बोलले नाहीत. आमच्या घरात याला पहिला वर्ग म्हणतात. साडेतीन हजार सांगितले होते, तीन हजारांवर आलं. घासाघीस मी केली नाही, जमलेल्या मंडळींनी केली. एवढा वेळ उभं राहिल्यावर त्यांचा तो हक्कच होता.

खरा पेच घरी आल्यावर पडला. युकुलेलेच्या तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा लावतात. सी म्हणजे आपली पांढरी एक; तिला सा धरलं तर चार तारा होतात प, सा, ग, ध. नानांनी ऐकलं, तानपुऱ्याकडे बघितलं. तानपुऱ्याच्याही तारा चारच आणि त्याही प, सा अशाच सुरू होतात. "पहिली दोन पावलं बरोबर टाकली," ते म्हणाले, "मग वाट सोडली." पण लगेच त्यांच्या लक्षात आलं की इथला पंचम खालचा नाही, साच्या वरचा आहे. सगळ्यांत वरची तार सगळ्यांत खर्जाची असावी हा जगाचा रिवाज; या वाद्यानं तो पाळलेला नाही. सगळ्यांत खालचा स्वर म्हणजे मधला सा, त्याच्याखाली काही नाही.

"खर्ज नाही?"

"नाही, नाना."

"अजिबात नाही?"

अमीर खाँसाहेब ज्या सप्तकात अर्धा अर्धा तास रमायचे ते सप्तकच या वाद्यात बांधलेलं नव्हतं. शिवाय नायलॉनची तार आणि एवढंसं पोट. स्वर छेडला की तो दोन क्षणांत विझतो. खाँसाहेबांच्या अतिविलंबित लयीत दोन मात्रांच्या मध्ये युकुलेले तीन वेळा संपून गेलं असतं. नाना बराच वेळ चार मोकळ्या तारा छेडत राहिले. मग एकदम म्हणाले, "अगं, हा तर भूप आहे. सा, ग, प, ध. फक्त रिषभ नाही."

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "धैवत केवढा ठणकून राहिलाय. भूप कसला, देशकार म्हणा." भूपात वादी गंधार, देशकारात धैवत, स्वर तेच. या एका मुद्द्यावर दोघं जेवणापर्यंत भांडले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांना नवा विषय मिळाला होता. मी मध्ये पडून मींडेचा प्रश्न काढला: पक्के पडदे, आखूड मान, मींड निघणार कशी? नानांनी मला गप्प केलं. "मेंडोलिनवर निघते का म्हणायचे लोक. सज्जाद हुसैननं काढून दाखवली की. इथलाच तो, सीतामऊचा." हवाई गिटारही तिकडूनच आलेली; ब्रिजभूषण काबरांनी ती रागदारीत बसवली आणि 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर-बासरीच्या पंगतीला आणली. ती तबकडी आमच्याकडे आहे, ओरखड्यांसकट. दुकानात जायच्या आधी ज्या वाद्याला घराणं लागत होतं त्याची बाजू आता नाना माझ्याविरुद्ध मांडत होते.

एक गोष्ट मला दुकानात कुणीच सांगितली नव्हती, आणि पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं. माझा सूर काळी चार. नानांचा पांढरी एक. वाद्य माझ्या पैशांचं आणि त्यांच्या सुराचं निघालं.

सुरुवातीचे दिवस मात्र माझे होते. नव्या नायलॉनच्या तारा ताणून ताणून जागेवर यायला वेळ घेतात. सकाळी लावल्या की दुपारी उतरलेल्या. खोलीच्या दारातून जाता जाता नाना "ग उतरलाय" म्हणायचे आणि थांबायचेही नाहीत. मी व्हिडिओ बघून बघून शिकत होते. सीचा कॉर्ड एका बोटाचा: सगळ्यांत खालच्या तारेचा तिसरा पडदा, संपलं. ए मायनरही एकाच बोटाचा. एफला दोन बोटं, जी सेव्हनला तीन. एवढ्या भांडवलावर निम्मी हिंदी सिनेमाची गाणी कशीबशी पार पडतात, आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांत त्यांतलं एक बसतं. सासूबाईंनी एकदा ऐकून घेतलं आणि "प्रारंभिकला पास करीन" म्हणाल्या. मी हे शाळेत सगळ्यांना सांगितलं.

मग एका रविवारी दुपारची झोप मोडून बाहेर आले तर नाना आरामखुर्चीत युकुलेले मांडीवर उभं धरून बसले होते, खुंट्या वर, पोट खाली, तानपुरा धरतात तसं. एकेक मोकळी तार सावकाश छेडत होते, प, सा, ग, ध, आणि वर स्वतः गात होते. जो रिषभ वाद्यात नव्हता तो त्यांनी स्वतःकडून घातला होता. डाव्या हाताचं कामच नव्हतं, त्यामुळे त्या हातात चहा होता. मी म्हटलं, नाना, पाच वाजता माझा ऑनलाइन क्लास आहे. ते म्हणाले, "थांब गं, आत्ता तर आलाप सुरू केलाय." अमीर खाँसाहेबांच्या भक्ताचा आलाप. मी क्लास रद्द केला.

आता घरात तोडगा असा निघाला आहे की नाना आणि सासूबाई दोघांचंही म्हणणं बरोबर: सकाळी ते देशकार असतं आणि संध्याकाळी भूप. दोन्ही वेळा ते नानांकडे असतं. दुपारी, मी शाळेत असते तेव्हा, मला ते मिळू शकतं असं दोघांचंही म्हणणं आहे.

काल मी दुकानात फोन केला. तसंच अजून एक हवंय, म्हटलं, तपकिरी, कॉन्सर्ट, आणि बाराव्या पडद्याला तपासून. दुकानदारानं लगेच ओळखलं. "बाउजी वाला ना? हाँ मॅडम, आ जाएगा. बाउजी को साथ में जरूर लाना, तीन हार्मोनियम रखे हैं उनके लिए." थोडा थांबला आणि म्हणाला, "वैसे नया माल आया है. कलर कौन-सा दूँ?"